रिपोर्ट चांगला आल्यानंतर

प्रिय बाय,

तुझा रिपोर्ट चांगला आल्याचं आईने फोनवर सांगितलं, तेव्हा तिला धड बोलताही येत नव्हतं. तासाभराने तुझा मेसेज आला : "बाई, घरात पेढे वाटतायत आणि मला दार लावून झोपावंसं वाटतंय. माझं काय चुकतंय?" काहीच चुकत नाहीये. दोन ओळींत उत्तर देण्यासारखं हे नाही, म्हणून पत्र.

कॅन्सरच्या उपचारांत सहा महिने तुला दुसरं काही सुचायला वेळ नव्हता. दर पंधरा दिवसांनी सलाईन, रक्त तपासायचं, पुढची तारीख घ्यायची. भोवती सतत माणसं. ते सगळं एका दिवसात थांबलं आणि इतके दिवस जिला जागा नव्हती ती भीती आता निवांत येऊन बसली. फिट्झह्यू मलन नावाचे एक अमेरिकन डॉक्टर स्वतः कॅन्सरमधून गेले होते. बुडणाऱ्याला पाण्याबाहेर काढायच्या विद्या आपण शिकलो, पण धक्क्यावर आणल्यावर त्याला खोकत-गुदमरत तसाच सोडून देतो, अशा अर्थाचं त्यांनी १९८५ साली लिहिलं. मी ते वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे दिवाडीचा फेरीधक्का आला. तू आत्ता तिथे ओल्या कपड्यांनी बसली आहेस, आणि लोकांना वाटतं की उठेल आणि चालू लागेल.

मी २००९ साली मुंबईहून उपचार संपवून करमळीला उतरले. दोन महिन्यांनी चवथ, गणपतीची. पुरुषमंडळी गणपतीवर फळांची माटोळी बांधत होती, आम्ही बायका अबोलीची फाती, फुलांची वेणी, करायला बसलो. केमोने माझ्या बोटांची टोकं बधिर झालेली. देठ हातात आहे की निसटला, तेच कळेना. चार फुलं गुंफली, आठ सांडली. जाऊ म्हणाली, "राहू दे, तू नुसती बस." प्रेमानेच म्हणाली. मी उठून मागच्या पडवीत गेले आणि हुंदके देऊन रडले. स्तन काढला तेव्हाही मी तशी रडले नव्हते. ऑपरेशनची तयारी मनाने केली होती, फातीची केली नव्हती.

त्याच चवथीला एका नातेवाईक बाईने मला चहा वेगळ्या पेल्यात दिला आणि पेला वेगळा धुवायला ठेवला. कॅन्सर पेल्यातून, ताटातून, शिवण्यातून कुणाला लागत नाही. हे मी तेव्हा बोलले नाही, त्याची खंत अजून आहे. तुझ्यावर वेळ आली तर तू बोल. आवाज चढवायची गरज नाही.

शाळेत परत गेले तर फळ्यासमोर उभी राहून साधा शब्द आठवेना. केमोनंतर डोकं असं धुक्यात जातं, बहुतेकांचं हळूहळू निवळतं. मी वर्षभर वही जवळ ठेवली. तूही ठेव. ऑफिसात पहिल्या दिवसापासून पूर्ण काम अंगावर घेऊ नकोस. हा थकवा झोपून जाणारा नसतो. रोज थोडं चालल्याने मात्र तो कमी होतो, हे मी स्वतः अनुभवलं आहे.

तपासणीची तारीख जवळ आली की मानेवर हात जाईल, गाठ शोधेल. माझा अजून बगलेत जातो. "सकारात्मक राहा" म्हणणाऱ्यांचं मन दुखवू नकोस, पण त्यांच्यासाठी हसूही नकोस. रडल्याने कॅन्सर परत येत नाही. भीती जेवण-झोप खायला लागली, आठवडे तसेच जायला लागले, तर मात्र डॉक्टरांकडे जा. मी बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, तपासणीला जायचे, आणि तिथेच आयपीएचबी, मनाच्या आजारांचं सरकारी इस्पितळ. केमोला जाताना कचरले नाही तेवढी त्या फाटकापाशी कचरले. कुणी पाहिलं तर? कांदोळीत जन्मलेल्या आबे फारियाने मनाचा अभ्यास केला म्हणून पणजीत आपण त्याचा पुतळा उभारला, आणि मनाच्या डॉक्टरकडे जायची लाज बाळगतो. मी सहा वेळा गेले आणि झोप परत आली. एवढ्या लांब जाववत नसेल तर १४४१६ हा टेली-मानसचा नंबर आहे, मनाच्या त्रासावर फोनवरून मदत करणारा, सरकारी आणि फुकट.

आता तुझी आई ज्याबद्दल कुजबुजते ते. स्थळं यायला लागली की "सांगायचं कशाला?" असं ती म्हणेल. जत्रेत भेटणाऱ्या प्रत्येक मावशीला तुझा आजार कळायलाच हवा असं नाही. कुणाला सांगायचं ते तू ठरव. पण ज्याच्याशी संसार करायचा त्याला साखरपुड्याआधी, तू स्वतः सांग. दडवलेल्या फायलीवर घर उभं राहताना मी पाहिलंय, फार वाईट असतं ते. त्याआधी डॉक्टरांना भेट, आईला बाहेर बसव आणि मूल होण्यावर औषधांचा काय परिणाम झाला असेल ते स्पष्ट विचार. तुला दिलेलं ते लाल औषध, अ‍ॅड्रियामायसिन, काहींच्या हृदयावर वर्षांनंतरही परिणाम करतं. म्हणून उपचारांचा सारांश लिहून घे आणि पुढे कुठल्याही डॉक्टरकडे जाताना तो ने.

तुझ्या शेजारच्या खाटेवरची मुलगी गेली, हे तू मेसेजच्या शेवटी एका ओळीत लिहिलंस. मला वाटतं, दार लावावंसं वाटतं ते तिच्यामुळे. "मीच का वाचले" याला माझ्याकडे उत्तर नाही. माझ्या वेळी शेजारच्या खाटेवरची जी गेली, तिच्या आईला मी दर दिवाळीला फोन करते. आम्ही तिच्याविषयी बोलतो, कधी नुसताच फोन धरून बसतो.

पुढच्या तपासणीच्या आदल्या दिवशी माझ्याकडे राहायला ये. परसात अबोली फुललेली आहे. माझ्या अंगठ्याला अजून देठ नीट कळत नाही, तेव्हा गुंफायचं तू. केळीचा दोर मी भिजवून ठेवते. सकाळच्या पहिल्या कदंब बसने आपण दोघी बांबोळीला जाऊ.

तुझी,
बाई