साडू म्हणतात नऊ टक्के, हिशोब म्हणतो साडेतीन

नमस्कार काका,

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि सोबतचा एमओयूचा (प्राथमिक कराराचा) मसुदा पण वाचला. थोडक्यात असं की चिंचवडच्या कंपनीतून रिटायर झालात, पीएफ-ग्रॅच्युइटीतले २५ लाख हातात आहेत, साडूंनी एक ग्रुप आणलाय, बाणेरला साडेतीन कोटीचं ऑफिस घ्यायचं, आत आधीच एक बँक भाडेकरू आहे, १६ जणांनी प्रत्येकी २५ लाख टाकायचे आणि दरवर्षी ९ टक्के 'फिक्स' मिळणार. टोकनचे २ लाख तुम्ही दिलेत, उरलेले २३ महिनाअखेरपर्यंत मागतायत, काकूंचा ठाम विरोध आहे. तुम्ही विचारताय की यात पडू का, आणि नाही पडलो तर २ लाख परत मिळतील का.

आधी सरळ सांगतो, या कागदावर २३ लाख देऊ नका. जागा वाईट आहे असं माझं म्हणणं नाही, जागा बहुतेक चांगलीच असेल. प्रश्न असा आहे की तुम्ही नक्की काय विकत घेताय?

एमओयूत कलम ३ बघा, खरेदीखत एलएलपीच्या, म्हणजे मर्यादित जबाबदारीच्या भागीदारी संस्थेच्या, नावावर होणार. कलम ५ म्हणतं तुमचा 'प्रॉपर्टीत ६.२५ टक्के हिस्सा'. पण त्या एलएलपीत तुम्ही भागीदार होणार असं अख्ख्या मसुद्यात कुठेच नाही! म्हणजे जागेचे मालक तुम्ही नाही कारण खरेदीखतात नाव नाही, आणि ५०० च्या स्टॅम्पवर नोटरी करून जागेत हिस्सा मिळत नसतो, स्थावर मालमत्तेतला हक्क द्यायचा तर तो दस्त सब-रजिस्ट्रारकडे नोंदवावाच लागतो, १९०८ च्या नोंदणी कायद्याचं कलम १७ आहे. भागीदार पण नाही. मग उरलं काय तर तुम्ही ग्रुप चालवणाऱ्या प्रमोटरला २५ लाख दिलेत आणि ते ९ टक्के देणार म्हणतायत, ह्याला आपण साध्या मराठीत उसने पैसे म्हणतो, आणि तेही तारण न घेता.

आता त्या ९ टक्क्यांकडे वळू, कारण खरी गंमत तिथे आहे. बँक महिना २ लाख १० हजार भाडं देते, वर्षाचे २५ लाख २० हजार. साडेतीन कोटीवर ते ७.२ टक्के दिसतं. पण तुम्ही लोक गोळा करताय ४ कोटी! स्टॅम्प ड्युटी ७ टक्क्याने साडेचोवीस लाख, रजिस्ट्रेशन ३० हजार, म्हणजे खर्च धरून पावणेचार कोटी झाले, वरचे साधारण २५ लाख 'सेटअप आणि सोर्सिंग फी', म्हणजे जागा शोधून ग्रुप उभा करायचे प्रमोटरचे पैसे. म्हणजे पहिल्या वर्षीचं अख्खं भाडं तर फीमध्येच गेलं की. पुढे त्यांच्याच पीडीएफप्रमाणे मॅनेजमेंट फी भांडवलाच्या १ टक्का म्हणजे ४ लाख, मिळकतकर समजा २ लाख धरा, आणि एलएलपीला सपाट ३० टक्के अधिक सेस असा इन्कम टॅक्स, भाड्यातून मिळकतकर आणि ३० टक्क्यांची स्टँडर्ड वजावट जाऊन तो पाच लाखाच्या आसपास येतो. राहिले १४ लाख. भागिले १६, तुमच्या वाट्याला वर्षाला ८८ हजार, २५ लाखांवर साडेतीन टक्के!

आणि ९ टक्क्याने सोळा जणांना द्यायचे म्हटलं तर वर्षाला ३६ लाख लागतात. भाडंच मुळात २५ लाख येतंय, एक पैसा खर्च नाही धरला तरी. वरचे ११ लाख कुठून येणार हे साडूंना विचारा. मला तरी दोनच जागा दिसतात, एकतर पुढच्या प्रोजेक्टवाल्यांचे पैसे नाहीतर तुमचंच मुद्दल तुम्हाला हप्त्याहप्त्याने परत. (सीनियर सिटीझन योजनेत एप्रिल २०२३ पासून ८.२ टक्के मिळतात, ३० लाखांपर्यंत, तिमाहीला खात्यात जमा. तो काही माझा विषय नाही पण काकूंचं गणित कच्चं नाहीये एवढंच.)

भाडेकरू बँक आहे म्हणून निश्चिंत राहू नका. ९ वर्षांचं लीज म्हणतात पण लॉक-इन, म्हणजे सोडून जाता येत नाही तो काळ, फक्त ३ वर्षांचं आहे आणि त्यातली दोन होत आली, त्यानंतर बँक ३ महिन्यांची नोटीस देऊन निघू शकते. एकच भाडेकरू, तो गेला की भाडं शून्य, मेंटेनन्स आणि मिळकतकर मात्र चालूच, आणि बँकेसाठी केलेली स्ट्राँगरूम असलेली जागा पुढच्या माणसाला जशीच्या तशी लागेलच असं नाही. भाडं बाजारभावाने आहे का फुगवलेलं ते कळायला एक सोपा उपाय आहे, आयजीआर महाराष्ट्रच्या (राज्याच्या नोंदणी खात्याच्या) ई-सर्चवर त्याच बिल्डिंगचे आणि शेजारचे नोंदणीकृत लीजचे इंडेक्स २ (दस्ताचा सारांश) काढा, आकडे तिथे असतात, ब्रोकरच्या तोंडच्या आकड्यांपेक्षा ते बरे.

पण माझ्या मते भाड्यापेक्षा मोठा धोका बाहेर पडायचा आहे. ७ वर्षं लॉक-इन, विकायचं तर ७५ टक्के लोकांची संमती, वाटा विकायचा तर आधी प्रमोटरलाच द्यायचा आणि किंमत 'प्रमोटरने नेमलेला व्हॅल्युअर' ठरवणार, वर विक्रीच्या नफ्यात २० टक्के त्यांचे. घरात कुणाचं आजारपण निघालं आणि पैसे लागले तर? माझ्याकडे मागे एक बाई आल्या होत्या, मिस्टर वारलेले, अशाच एका ग्रुपमध्ये १८ लाख अडकलेले, आणि पार्टी म्हणत होती की वारसाचं नाव लावायची तरतूदच आमच्या करारात नाही. तुमच्या मसुद्यात पण नॉमिनी किंवा वारस हा शब्द नाही, मी शोधला.

कायदा काय म्हणतो ते. लोकांचे पैसे एकत्र करायचे, नफ्यासाठी वापरायचे, दुसऱ्याने सांभाळायचे आणि पैसे देणाऱ्याचा रोजच्या कारभारात हात नाही, ह्याला सेबी (शेअर बाजार आणि गुंतवणुकीवर देखरेख ठेवणारी संस्था) कायद्याच्या ११एए कलमात सामूहिक गुंतवणूक योजना म्हणतात आणि तिला सेबीची नोंदणी लागते. आणि 'फिक्स रिटर्न देऊ, मुद्दल परत करू' असं लिहून पैसे घेतले तर ठेवीचे कायदे येतात, आपल्याकडचा १९९९ चा एमपीआयडी (ठेवीदारांच्या हितरक्षणाचा कायदा) आणि केंद्राचा २०१९ चा अनियंत्रित ठेव योजनांवर बंदीचा. उद्या प्रमोटर म्हणेल की ही ठेव नाही, भागीदाराचं भांडवल आहे, २०१९ च्या कायद्यात तशी सूट आहे खरी, पण तुम्ही भागीदारच नाही तर ती सूट त्याला कशी मिळणार? साडूंनाही हे ऐकवा, त्यांना माणसामागे १ टक्का मिळतोय असं तुम्ही लिहिलंय, जाणूनबुजून खोटं सांगून दुसऱ्याला अशा स्कीममध्ये ओढणं हाही त्या कायद्यात गुन्हा आहे. त्यांना घाबरवायला नाही सांगत, त्यांनाही बहुधा माहीत नसेल.

मग एकत्र येऊन ऑफिस घेऊच नये का? घ्या की. सोळाही जणांची नावं थेट खरेदीखतात, हिस्सा टक्क्यात लिहून, दस्त नोंदणीकृत. सेटअप फी नाही, भाडं ज्याच्या त्याच्या उत्पन्नात, तुम्हाला मिळकतकर जाऊन टॅक्सआधी सहा टक्क्यांच्या थोडं वर सुटेल. अडचण अशी की विकताना सोळा सह्या लागतात, त्यातला एक अमेरिकेत आणि एकाच्या दोन पोरांचं भांडण असलं की झालं, म्हणून सोबत पक्का सहमालकी करार हवाच. एलएलपीच हवी असेल तर रीतसर भागीदार करा, एलएलपी करारात नाव आणि फॉर्म ४ रजिस्ट्रारकडे भरलेला, टॅक्सचं गणित मात्र वरचंच. तिसरा रस्ता सेबीने मार्च २०२४ मध्ये आणलेला स्मॉल अँड मीडियम रीट (रीट म्हणजे लोकांच्या पैशातून भाड्याच्या जागा घेणारा, सेबीकडे नोंदलेला ट्रस्ट), ५० ते ५०० कोटींच्या मालमत्तांसाठी, किमान १० लाख, ९५ टक्के पैसा बांधून झालेल्या आणि भाडं येणाऱ्या जागेत, किमान २०० गुंतवणूकदार. साडेतीन कोटीचा ग्रुप त्यात बसत नाही, पण 'आम्ही पण रीटसारखंच आहोत' असं कुणी म्हटलं तर सेबीचा नोंदणी क्रमांक मागा. आणि मोठे लिस्टेड रीट तर शेअरसारखे एकेक युनिट मिळतात, येरवड्याचं कॉमरझोन अशाच एका रीटमध्ये आहे, भाव खालीवर होतो पण विकायला साडूंची परवानगी लागत नाही.

आता तुमचे २ लाख. एमओयूवर अजून सही केली नाहीत हे फार बरं केलंत, करूही नका. 'टोकन नॉन-रिफंडेबल' हे त्या सही न झालेल्या कागदात आहे, आणि सही असती तरी करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे वाजवी भरपाईपेक्षा जास्त दाबून ठेवता येत नाही. खटकतं ते एवढंच की एनईएफटी प्रमोटरच्या स्वतःच्या बचत खात्यात गेलंय, एलएलपीच्या नाही. त्या दिवसाचं बँक स्टेटमेंट आणि व्हॉट्सअॅपवरचं सगळं बोलणं एक्स्पोर्ट करून ठेवा, साडूंचे मेसेज पण.

मग प्रमोटरला ईमेल करा, फोन नको. मागा: एलएलपी करार, विक्रेत्याचा ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट (मालकी हक्काची तपासणी), भोगवटा प्रमाणपत्र, बँकेचं नोंदणीकृत लीज, आणि तुम्हाला भागीदार किंवा सहमालक कसं करणार ते लेखी. १५ दिवस द्या. कागद आले तर घेऊन या, बघू. नाही आले तर त्याच ईमेलवर टोकन परत मागा, मग वकिलाची नोटीस, आणि तेवढ्याने नाही झालं तर शिवाजीनगर कोर्टात दावा, मुदत साधारण ३ वर्षांची. दावा लांबतो हे खोटं कशाला सांगू, पण बऱ्याचदा नोटिशीनंतरच पैसे येतात, कारण बाकीच्या पंधरा जणांना कळलेलं त्यांना नको असतं.

साडूंशी बोलताना वर काढलेला ३६ लाख आणि २५ लाखांचा हिशोब फक्त कागदावर लिहून त्यांच्यापुढे ठेवा, तुम्ही काही बोलू नका. त्यांनी स्वतःचे पैसे भरले असतील तर तेच ईमेल त्यांनाही पाठवायला सांगा, आणि दोघांचे ईमेल वेगवेगळे जाऊ देत.