‘जर’चा भागच खोटा असेल तर अख्खं ‘जर-तर’ विधान सत्य कसं ठरतं?

तुम्ही दिलेलं ‘5 सम असेल तर 7 ला 3 ने भाग जातो’ हे विधान सत्यच आहे. ‘दोन्ही भाग खोटे, मग सत्य काय उरलं?’ हा तुमचा सवाल वाचला आणि अकरावीतला तर्कशास्त्राचा तास आठवला.

चाचणीत असंच एक होतं: ‘9 मूळ संख्या असेल तर 9 सम आहे.’ मी सत्य लिहिलं. सरांनी फुली मारली. विचारायला गेलो तर सगळ्यांसमोर म्हणाले, "9 मूळही नाही, समही नाही. यात सत्य काय दिसलं तुला?" सत्यता सारणी (‘जर’ आणि ‘तर’ खरे-खोटे असण्याच्या चार जोड्या, एकेका ओळीत एकेक, आणि प्रत्येकीपुढे अख्खं विधान सत्य की असत्य) आदल्याच आठवड्यात त्यांनी स्वतः फळ्यावर काढली होती! मी तेही बोलून दाखवलं.

सरांचा नियम होता: गृहपाठ केला नसेल तर वर्गाबाहेर. दुसऱ्या दिवशी माझा गृहपाठ पूर्ण होता, तरी मला बाहेर काढलं, आदल्या दिवशीच्या उद्धटपणाबद्दल. मधल्या सुट्टीत मित्र म्हणाले, सरांनी स्वतःचाच नियम मोडला. मी म्हटलं, माझ्या बाबतीत नाही मोडला. गृहपाठ करणाऱ्यांचं काय करणार हे सर बोललेच नव्हते. त्यांना आत बसवा नाहीतर बाहेर काढा, नियम शाबूत. नियम मोडला तो पहिल्या बाकावरच्या त्यांच्या लाडक्यापाशी. त्याची वही कोरी होती (सकाळी उतरवायला माझीच मागत होता, मी दिली नाही) आणि पठ्ठ्या आत बसलेला. ‘जर’ खरं, ‘तर’ खोटं. चार ओळींपैकी या एकाच ओळीत जर-तर विधान खोटं पडतं. बाकी तीन ओळींत त्याला खोटं पाडायला तुमच्या हातात काही नसतं.

गृहपाठाचं पटलं पण आकड्यांचं पटत नसेल, तर हे बघा. ‘संख्येला 4 ने भाग जात असेल तर 2 ने जातो’ हे कुठल्याही संख्येसाठी तुम्ही मान्य करता ना? मग 5 घाला, दोन्ही भाग खोटे. 6 घाला, पहिला खोटा, दुसरा खरा. या ओळी असत्य धरल्या तर ‘कुठल्याही संख्येसाठी’ म्हणायची सोयच जाते.

हे भांडण मुळातच गुरू-शिष्यांचं आहे. ख्रिस्तपूर्व 300 च्या सुमारास फिलो या ग्रीक तर्कज्ञानं हीच व्याख्या मांडली आणि त्याचे गुरू डायोडोरस यांना ती अमान्य होती. वाद इतका गाजला की कॅलिमाकस या कवीनं लिहिलं, छपरावरचे कावळेसुद्धा याच विषयावर कावकाव करतात. डायोडोरसकडे निदान स्वतःची वेगळी, जास्त कडक व्याख्या तरी होती. आमच्या सरांकडे लाल पेन होतं.

एक सांगायचं राहिलं. बोलताना आपण ‘तर’ म्हणतो आणि मनात पुष्कळदा ‘तरच’ असतं. तसं असेल तर माझे मित्र बरोबर ठरतात. (सर ‘तरच’ म्हणाले नव्हते. मी नीट ऐकलं होतं.) आणि ‘आत्याबाईला मिशा असत्या तर’ या जातीची वाक्यं या सारणीत कोंबू नका, तिथे ‘जर’ कायमच खोटं, म्हणजे पुढे काहीही जोडा, सत्यच निघेल.

तुमचा गुण कापला असेल तर सारणी घेऊन जा आणि मागा, पण एकट्यात. मी परत गेलो नाही. मला 20 पैकी 19 आहेत.