बालवाडीतल्या गोष्टीच्या तासासाठी नवीन चित्रपुस्तकं कशी निवडावीत?

तुम्ही विचारलंय की नव्या चित्रपुस्तकांच्या ढिगातून तीन ते पाच वर्षांच्या वीसेक मुलांपुढे वाचायला कोणती उचलायची. मी बरीच वर्षं असा तास घेते, म्हणून उत्तर द्यायचं धाडस करतेय.

आधी एक फरक लक्षात घ्या. मांडीवर मूल घेऊन वाचायचं पुस्तक वेगळं आणि घोळक्यात वाचायचं वेगळं. एका सुरेख पुस्तकात दर पानावर एक इवलीशी मुंगी दडलेली होती. एकेका मुलाबरोबर वाचताना ती शोधण्यात खूप मजा यायची. तेच मी वर्गात नेलं. तिसऱ्या पानाला मागची मुलं उठून पुढे आली, पाचव्या पानाला पुढची उभी राहिली, आणि गोष्ट राहिली बाजूला. पुस्तकात काहीच खोट नव्हती, जागा चुकली होती. तेव्हापासून नवं पुस्तक हाती आलं की ते कपाटाला टेकवून उघडं ठेवते आणि आठ-दहा पावलं मागे जाते. तिथून कोण काय करतंय हे कळलं तरच पुढचा विचार. महत्त्वाचं पात्र दोन पानांच्या मधल्या शिवणीत गेलंय का, तेही तेव्हाच दिसतं.

दुसरी गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते, ती म्हणजे पान उलटणं. बहुतेक चित्रपुस्तकं ३२ पानांची असतात, कारण छपाईचा मोठा कागद घड्या घालून आठ किंवा सोळा पानांचा होतो. शीर्षकाची वगैरे पानं वगळली तर गोष्टीला जेमतेम बारा-चौदा वेळा पान उलटायला मिळतं. चांगला चित्रकार-लेखक त्यातलं एकही वाया घालवत नाही. उजव्या पानावर झुडपातून आलेली नुसती एक शेपटी, खाली दोनच शब्द, ‘आणि तेवढ्यात...’. मी कोपरा चिमटीत धरून थांबले होते. दोन महिन्यांत वर्गात तोंड न उघडलेली एक मुलगी हळूच म्हणाली, “ती मांजर नाहीये.” मी पान उलटलं. कोल्हा होता. तिने शेजारच्या मुलाकडे पाहिलं आणि पुढे सरकून बसली. पुस्तक निवडताना मी अशा जागा मोजते. दर पानावर प्रसंग सुरू होऊन तिथेच संपत असेल, तर पुढे काय हे जाणून घ्यायची मुलांना घाई उरत नाही.

मग मजकूर झाकून नुसती चित्रं पाहा, आणि चित्रं झाकून नुसता मजकूर वाचा. ‘राजू निळी टोपी घालून झाडाखाली बसला’ असं लिहिलंय आणि चित्रातही तेवढंच आहे, तर मुलांना शोधायला काही राहिलं नाही. राजू म्हणतोय ‘मी एकटाच आहे’ आणि झाडावरून चार माकडं त्याच्याकडे बघतायत, तर वर्ग ओरडणारच.

मोठ्याने वाचून बघणं तर आलंच, तेही दोनदा. अनुवादित पुस्तकांत वाक्यं जिभेवर अडखळतात, ते मनात वाचताना कळत नाही. ‘धप्पकन’, ‘सळसळ’, परत परत येणारी एखादी ओळ, हे असलं की दुसऱ्या वाचनाला मुलं आपोआप साथ देतात. सहा-सात मिनिटांपेक्षा लांबणारं पुस्तक मी या वयाला घेत नाही.

पुरस्काराच्या शिक्क्यावर सगळी भिस्त ठेवू नका. कॅल्डेकॉट पदक अमेरिकेत १९३८ पासून चित्रांसाठी दिलं जातं, पण त्यात चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांची पुस्तकं धरतात. पदक मिळालेलं पुस्तक अप्रतिम असेल, तरी तुमच्या चार वर्षांच्या मुलांना ते जड जाऊ शकतं. आणि ‘खाऊ वाटून खा’, ‘दात घासा’ हे सांगण्यासाठीच रचलेली पुस्तकं मी कटाक्षाने टाळते. मुलांना तो वास पहिल्या पानावर येतो, आणि गोष्ट ऐकायला बसलेल्या मुलाला उपदेश देणं मला अन्यायाचं वाटतं.

शक्यतो ग्रंथालयातून आणून आधी वर्गात वाचा, मग विकत घ्या. वाचून झालं की मी शेवटच्या पानात एक चिठ्ठी ठेवते. मुलं कुठल्या पानाला पुढे सरकली आणि कुठल्या पानाला बुटांच्या नाड्यांशी खेळायला लागली, एवढंच तिच्यावर लिहायचं. पुढच्या खरेदीच्या वेळी मी त्याच चिठ्ठ्या काढून बसते.