वाचकांचे प्रश्न: छोट्या फायनान्सवाल्याने आता करायचं काय?

या वेळी पत्रांच्या गठ्ठ्यात कर्ज घेणाऱ्यांपेक्षा कर्ज देणारेच जास्त निघाले, तेही छोटे, एकदोन ब्रँचवाले. म्हणून ही पूर्ण पानं त्यांनाच दिलीत, शेवटी एका ताईंचं पत्र आहे, ते पण याच विषयातलं.

प्रश्न: सप्रेम नमस्कार. आमची इचलकरंजीत छोटी एनबीएफसी (बँक नसलेली, कर्ज देणारी कंपनी) आहे, वडिलांनी नव्वदच्या दशकात सुरू केली, दुचाकी, फ्रिज, टीव्ही, मोबाईल यासाठी कर्ज देतो. गिऱ्हाईक बहुतेक यंत्रमागावरचे कामगार आणि छोटे दुकानदार. स्वनिधी, म्हणजे कंपनीचं स्वतःचं भांडवल, कसाबसा ५ कोटी ६० लाखांवर नेला, आता सीए म्हणतात १० कोटी लागणार, वर एनपीएचा, म्हणजे कर्ज थकीत कधी धरायचं याचा, नियम पण बदलला, त्यामुळे चांगली माणसं पण थकीत दिसायला लागलीत. तीस वर्षं एक पैसा कुणाचा बुडवला नाही. हे सगळं छोट्यांना संपवायलाच चाललंय का? (एक वाचक, इचलकरंजी)

उत्तर: दादा, तुमचं पत्र दोनदा वाचलं. मी स्वतः आठ वर्षं अशाच एका छोट्या फायनान्सच्या काउंटरवर बसलोय, त्यामुळे तुमची कळ कळते. संपवायला चाललंय असं मला वाटत नाही, पण छोट्याला जड जातंय हे शंभर टक्के खरं आहे, कारण नियम पाळायचा खर्च माणसं आणि सॉफ्टवेअरवर होतो, आणि तो पाच हजार गिऱ्हाईकांवर वाटला काय नि पन्नास लाखांवर वाटला काय, यात जमीनअस्मानाचा फरक पडतो.

आधी १० कोटींचं बघू. वडिलांच्या काळात २५ लाखांच्या स्वनिधीवर रिझर्व्ह बँकेचं रजिस्ट्रेशन मिळायचं, १९९९ नंतरच्या नव्यांना २ कोटी लागायला लागले, आणि २०१७ पर्यंत जुन्यांना पण २ कोटी करावे लागले. मग ऑक्टोबर २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने एनबीएफसींची आकाराप्रमाणे थरांत विभागणी केली, ते १ ऑक्टोबर २०२२ पासून लागू झालं, त्यात तुम्ही सगळ्यात खालच्या बेस लेयरमध्ये येता, आणि तुमच्यासारख्यांना ३१ मार्च २०२५ पर्यंत ५ कोटी नि ३१ मार्च २०२७ पर्यंत १० कोटी असे दोन टप्पे दिले. पहिला तुम्ही पार केलाय, बऱ्याच जणांना तेवढंही जमलं नाही.

इथे एक चूक खूप जण करतात म्हणून सांगतो. घरच्यांनी कंपनीला कर्ज म्हणून दिलेले पैसे स्वनिधीत धरत नाहीत, शेअर भांडवल आणि मोकळा राखीव निधी धरतात, त्यातून साठलेला तोटा वजा होतो, ग्रुपच्या दुसऱ्या कंपनीत अडकवलेले पैसे ठरावीक मर्यादेच्या वर गेले की तेही वजा होतात. तुमच्या भावाने किंवा काकांनी डिपॉझिटसारखे ठेवलेले पैसे असतील तर सीएंबरोबर बसून ते भागभांडवलात आणता येतात का ते आत्ताच बघा, २०२७ च्या फेब्रुवारीत नको. बाहेरचा कुणी २६ टक्के किंवा जास्त हिस्सा घेणार असेल, किंवा ३० टक्क्यांहून जास्त डायरेक्टर बदलणार असतील, तर रिझर्व्ह बँकेची आधी लेखी परवानगी लागते आणि तिला वेळ लागतो.

नफ्यातून उरलेले ४ कोटी ४० लाख उभे राहतील असं मला वाटत नाही, खोटी आशा नाही दाखवणार. आसपासच्या दोनतीन छोट्या कंपन्या एकत्र येणं हा रस्ता आहे. दुसरा, मोठ्या बँकेबरोबर मिळून कर्ज देणं, त्याचे नवे नियम ६ ऑगस्ट २०२५ ला आले, १ जानेवारी २०२६ पासून लागू, दोघांनीही प्रत्येक कर्जात किमान १० टक्के स्वतःकडे ठेवायचे. यात तुमचे पैसे कमी अडकतात आणि गिऱ्हाईक तुमचंच राहतं, मात्र यासाठी रजिस्ट्रेशन जिवंत पाहिजे, म्हणजे १० कोटींचा प्रश्न तसाच उरतो. आणि तिसरा रस्ता म्हणजे रजिस्ट्रेशन स्वतःहून परत करून मोठ्या कंपनीचे एजंट म्हणून काम करायचं. वडिलांचा बोर्ड उतरवायचं दुःख मोठं असतं, पण हप्ता गोळा करायला तुमचीच पोरं जातील, माणसांची नोकरी राहील, यात मला कमीपणा अजिबात दिसत नाही.

आता एनपीए. पूर्वी हप्ता थकल्यापासून कर्ज एनपीए धरायला तुम्हाला १८० दिवस मिळायचे, मग मार्च २०२४ ला १५०, मार्च २०२५ ला १२०, आणि ३१ मार्च २०२६ पासून ९० दिवस. खरा घाव इथे बसतो असं माझं मत. आमच्याकडे हप्त्याचं पिवळं कार्ड असायचं, एका मागवाल्याच्या कार्डावर शिक्क्यांच्या मध्ये पेन्सिलने लिहिलेलं अजून आठवतं, "सूत नाही", "पोरीची फी", "आजारी", आणि मग दिवाळीचा बोनस आला की एकदम चार शिक्के. तो माणूस कधीच बुडवणारा नव्हता. पण ९० दिवसांच्या हिशेबात तो एनपीए होतो, त्याच्यावर १० टक्के तरतूद करावी लागते, म्हणजे बुडण्याच्या भीतीने तेवढे पैसे बाजूला धरावे लागतात, व्याज हातात आल्याशिवाय उत्पन्नात धरता येत नाही, आणि एकदा एनपीए झाला की एकदोन हप्ते भरून भागत नाही, सगळी थकबाकी भरली तरच तो परत स्टँडर्ड, म्हणजे नियमित, होतो. शिवाय लोकांच्या कर्जाची नोंद ठेवणाऱ्या सिबिलसारख्या चारही कंपन्यांकडे त्याची माहिती जाते, २०२५ पासून तर किमान दर पंधरा दिवसांनी, म्हणजे उद्या पोरीच्या शिक्षणाला कर्ज काढायला गेला की तिथे दिसणार.

यावर उपाय नियमाच्या आतच आहे. हप्त्याचं वेळापत्रक कर्ज देतानाच माणसाच्या कमाईप्रमाणे बांधा. आठवड्याला पगार तर आठवड्याचा हप्ता, ऊसबिल येणाऱ्याला ते यायच्या महिन्यात मोठा हप्ता. सगळ्यांना महिन्याच्या ५ तारखेचा साचा लावायची सवय आपल्याला मोठ्या कंपन्यांनी लावली, तुम्हाला गिऱ्हाईकाचं घर माहितीय, ते वापरा. दंडव्याज मात्र पूर्ण विसरा, एप्रिल २०२४ पासून फक्त दंड आकारता येतो, त्यावर परत व्याज चढवता येत नाही.

आणि एक गोष्ट जरा कडू आहे. ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक किरकोळ कर्जाला गिऱ्हाईकाला समजेल अशा भाषेत एक माहितीपत्रक द्यावं लागतं, त्यात सगळा खर्च धरून वर्षाचा खरा दर लिहायचा. आपण फ्लॅट १२ टक्के, म्हणजे शेवटपर्यंत पूर्ण मुद्दलावर व्याज, सांगत आलो. ६० हजारांवर दोन वर्षांचं १४,४०० व्याज, हप्ता ३,१००, ऐकायला बरं वाटतं, पण मुद्दल दर महिन्याला कमी होतंय हे धरलं तर तो दर साडेएकवीसच्या आसपास निघतो, वर १,५०० कागदपत्रांचे आधीच कापले तर चोवीसच्या पुढे. हा आकडा गिऱ्हाईकासमोर ठेवताना तुमच्या पोरांचा हात थांबेल. ठेवा तरीही. हा नियम मला मनापासून पटतो, मागवाल्याला हा हक्क फार आधी मिळायला हवा होता.

प्रश्न: मी सातारा जिल्ह्यात परवानाधारक सावकार आहे. आमच्यावर १५ आणि १८ टक्क्यांची मर्यादा, शेजारचा फायनान्सवाला २६ घेतो त्याला कुणी विचारत नाही, हा कुठला न्याय? पुतण्या म्हणतो मोबाईलवरून पुण्याच्या लोकांना कर्ज देऊ. देऊ का? (एक वाचक)

उत्तर: काका, नका देऊ. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्यात परवाना ठरावीक क्षेत्रापुरताच असतो, त्याच्या बाहेर दिलेलं कर्ज विनापरवाना ठरतं. दर तुम्ही लिहिलेत ते शेतकरी नसलेल्यांचे, तारण असेल तर १५ आणि नसेल तर १८, शेतकऱ्यांना ९ आणि १२. दामदुपटीची मर्यादा आहेच, मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल होत नाही. फायनान्सवाल्याला हा कायदा लागत नाही कारण रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या एनबीएफसींवर राज्यांचे सावकारी कायदे चालत नाहीत असं सुप्रीम कोर्टाने मे २०२२ मध्ये केरळच्या एका खटल्यात सांगितलं. तुमची तक्रार समजते, एकाच गल्लीत दोन कायदे आहेत, पण म्हणून पुतण्याच्या नादाने परवाना घालवू नका. कोऱ्या कागदावर सही कधीही नको, पावती प्रत्येक वेळी द्या.

प्रश्न: ताई/दादा, आमच्या गल्लीतल्या छोट्या फायनान्सकडे माझं मंगळसूत्र आणि पाटल्या गहाण आहेत. ते म्हणतात नव्या नियमामुळे पूर्वीएवढे पैसे देता येणार नाहीत. आणि दुकान बंद झालं तर दागिन्यांचं काय? (एक गृहिणी, लातूर)

उत्तर: ताई, ते खोटं बोलत नाहीयेत. जून २०२५ च्या नियमाप्रमाणे अडीच लाखांपर्यंतच्या कर्जाला सोन्याच्या किमतीच्या ८५ टक्के देता येतात, म्हणजे वाढलंय असं वाटतं, पण एकदम शेवटी फेडायचं कर्ज असेल तर त्या ८५ मध्ये वर्षभराचं व्याजही धरायचं असतं. लाखाच्या सोन्यावर १८ टक्के घेणाऱ्याला साधारण ७२ हजारच देता येतील, ९ टक्क्यांच्या बँकेला ७८ हजारांपर्यंत. महाग कर्ज देणाऱ्या छोट्याला हा नियम असाच कापतो. तुम्ही दर महिन्याला हप्ता भरायची तयारी असेल तर तसं विचारा, मग हे गणित बदलतं, आणि बँकेत पण एकदा चौकशी करून या.

कंपनी बंद झाली म्हणून दागिने तिचे होत नाहीत. पूर्ण पैसे भरले की सात कामाच्या दिवसांत ते परत मिळायला हवेत, त्यांच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. हे एनबीएफसी आणि बँकांना लागू आहे, पतसंस्था किंवा सावकाराला नाही, म्हणून आधी पावतीवर नेमकं काय छापलंय ते वाचा. आणि त्याच पावतीवर दागिन्यांचं एकूण आणि निव्वळ वजन, कॅरेट, पाटल्यांची संख्या लिहिलीय का बघा. नसेल तर उद्या सकाळीच जाऊन लिहून घ्या.