टर्बो नंतर, आधी पिस्टन

प्रश्न: दादा, १.६ लिटरच्या साध्या पेट्रोल गाडीला टर्बो लावायचाय, इंजिन आतून काय बदलू? – एक वाचक, कुर्ला

उत्तर: अरे, नॉकिंग (पेट्रोल भलत्या वेळी आपोआप पेटून इंजिनात ठोके बसणं) झाली की कास्ट, म्हणजे साच्यात ओतलेल्या पिस्टनची वाट लागते, म्हणून आधी फोर्ज्ड, म्हणजे दाबून घडवलेले मजबूत पिस्टन आणि तसेच कनेक्टिंग रॉड (पिस्टनला क्रँकशी जोडणारे दांडे) घे, आणि कॉम्प्रेशन रेशो (पिस्टन हवा-पेट्रोल किती पट दाबतो तो आकडा) १०.५ वगैरे असेल तर ९ च्या आसपास आण, कारण टर्बो हवा आधीच दाबून पाठवतो, वर जास्त कॉम्प्रेशन असेल तर उरलेलं पेट्रोल स्पार्कची ज्वाळा पोचायच्या आधीच आपोआप पेटतं, तीच नॉकिंग. मल्टी-लेयर स्टीलचं हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉकमधलं सील), चांगले हेड स्टड (हेड घट्ट धरणारे बोल्ट), पेट्रोल फवारणारे मोठे इंजेक्टर, टर्बोची गरम हवा थंड करणारा इंटरकूलर, हे आलंच. ट्यूनिंगमध्ये, म्हणजे पेट्रोल आणि स्पार्कच्या जुळवणीत, मात्र कंजूषी नको, मिश्रण लीन झालं (हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडलं) की फोर्ज्ड पिस्टनही वितळतो! आणि असा बदल कायद्यात बसतो का, ते आरटीओत आधी विचार हां. बाकी सायनच्या ट्रॅफिकमध्ये बूस्ट (टर्बोचा वाढीव दाब) कुठे वापरणार, ते तूच बघ.