त्याला दुसऱ्याचं मन कळत नाही का?

"मॅडम, पोरगं हुशार आहे ओ, पण समोरच्याच्या मनातलं त्याला कळतच नाही. मोबाईलवर दाखवतात ते ऑटिझम तर नसेल ना?" सोलापूरच्या पूर्व भागातल्या आया हा प्रश्न हमखास विचारतात. त्यातल्याच एका घराची ही गोष्ट, ओळख पटेल असे तपशील बदलून.

मुलगा सहा वर्षांचा. घरी तेलुगू, शाळेत मराठी, आणि भिंतीपलीकडे यंत्रमाग. मी मुद्दाम घरीच गेले. बिस्किटांच्या पुड्यात पेन्सिली भरल्या, त्याला दाखवल्या, पुडा बंद केला. "ताईनं हा बंद पुडा बघितला, तर आत काय आहे म्हणेल?" तो म्हणाला, "पेन्सिली." एरवी पाचेक वर्षांची बहुतेक मुलं "बिस्किटं" म्हणतात. आईचा चेहरा उतरला.

माग बंद असलेल्या सुट्टीच्या दिवशी काडेपेटीत बटणं घालून तेच विचारलं. "काड्या म्हणेल! फसेल ती!" आणि स्वतःच खिदळायला लागला. अर्थात एवढ्यावरून निदान होत नसतं, शिवाय खेळही आता ओळखीचा झाला होता. कान तपासून घेतले, ते ठीक निघाले.

दुसऱ्याचं मन ओळखताना खरं काय आणि समोरच्याला काय वाटतंय, हे दोन्ही एकदम डोक्यात धरावं लागतं. खडखडाटात बरीचशी ताकद शब्द पकडण्यातच जाते. सुटलेला शब्द मोठी माणसं अंदाजानं भरतात. लहान मुलाला, त्यातून दुसऱ्या भाषेत, ते जड जातं.

त्याहून मोठी गफलत सुराची. गोंगाटात माणूस आपोआप आवाज चढवतो. फ्रेंच डॉक्टर लोंबार यांनी 1911 मध्ये हे नोंदवलं. या घरात अव्वाचं, म्हणजे आजीचं, "जेवलास का?" सुद्धा दम दिल्यासारखं वाटायचं. माया आणि राग एकाच पट्टीत आल्यावर पोरानं ओळखायचं कशावरून?

"पण जन्मापासून सवय आहे की त्याला," आई म्हणाली. सवयीनं आवाज खुपत नाही, इतकंच. न्यूयॉर्कच्या एका शाळेत रेल्वेच्या बाजूला बसणारी मुलं वाचनात मागे पडलेली 1975 च्या अभ्यासात दिसली. पुढे आवाज कमी केल्यावर तो फरक उरला नाही.

माग हलवा असं मी कशी सांगणार? पोट त्यावर आहे. बोलण्याआधी खांद्याला हात लावायचा, समोर बसून बोलायचं, टीव्ही बंद, आणि रुसवे-फुगवे, समजावणं माग थांबल्यावर, एवढंच ठरलं. शांत जागीही मूल नजरेला नजर देत नसेल, हाकेला ओ देत नसेल, तर मात्र थेट बालविकास तज्ज्ञांकडे जा, मागावर खापर फोडून थांबू नका.