सुटा न्यूट्रॉन टिकत नाही, मग मोजतात कसा?

प्रश्न : इलेक्ट्रॉन आदळवून प्रोटॉनची रचना कळते. न्यूट्रॉनचं काय? तो तर बाटलीत भरून फार वेळ ठेवता येत नाही.
– एक शिक्षिका, नाशिक रोड

उत्तर : खरी मेख तीच आहे. अणुकेंद्राबाहेर न्यूट्रॉन सरासरी १५ मिनिटंही टिकत नाही. म्हणून ड्युटेरियम, म्हणजे हायड्रोजनचं जड रूप वापरतात. त्याच्या केंद्रात एक प्रोटॉन, एक न्यूट्रॉन; साध्या हायड्रोजनच्या केंद्रात नुसता प्रोटॉन. ॲल्युमिनियमच्या पात्रात उणे २५३ अंश सेल्सिअसच्या आसपासचा द्रव हायड्रोजन ठेवून त्यावर इलेक्ट्रॉनची शलाका (झोत) सोडायची, विखुरलेले इलेक्ट्रॉन मोजायचे, मग द्रव ड्युटेरियमवर तेच. रिकामं पात्रही मोजावं लागतं, कारण त्याच्या पत्र्यावरूनही इलेक्ट्रॉन उडतात.

आता ड्युटेरियमच्या आकड्यांतून हायड्रोजनचे वजा केले की न्यूट्रॉन उरला, झालं? नाही! ड्युटेरियमच्या केंद्रातले दोन्ही कण एका जागी नसतात, हलत असतात, त्यामुळे आकडे पसरट होतात. ती दुरुस्ती गणिताने करावी लागते आणि वाद तिथेच होतात. दुसरं दुखणं साधं आहे : शलाकेच्या उष्णतेने द्रवात बुडबुडे येतात, घनता घटते, मोजणी कमी भरते. त्यासाठी द्रव पंपाने फिरता ठेवतात आणि शलाकाही एका बिंदूवर न रोखता काही मिलिमीटर हलवत राहतात.

अमेरिकेत स्टॅनफर्डला १९६० च्या दशकाअखेरीस अशाच प्रयोगांतून क्वार्कचा, म्हणजे प्रोटॉन-न्यूट्रॉन ज्यांचे बनतात त्या कणांचा माग लागला. फ्रीडमन, केंडॉल आणि टेलर या भौतिकशास्त्रज्ञांना १९९० चं नोबेल त्यासाठीच मिळालं.